त्याचं टायमिंग काय होतं?

शंभर मीटरची शर्यत बघताना वाटतं की जिंकणारा शेवटी शेवटी वेग वाढवतो आणि बाकीच्यांना मागं टाकतो. प्रत्यक्षात साठ-सत्तर मीटरपर्यंत प्रत्येकजण आपल्या सर्वोच्च वेगाला पोचलेला असतो आणि तिथून पुढे सगळेच मंदावत जातात. उसेन बोल्टसुद्धा. 16 ऑगस्ट 2009 ला बर्लिनमध्ये त्यानं 9.58 सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात तो ताशी 44 किलोमीटरच्या आसपास धावत होता. शेवटच्या वीस मीटरमध्ये त्याचाही वेग थोडा उतरला होता. बाकीच्यांचा जास्त उतरला.

हे मला पहिल्यांदा दाखवलं दादानं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. नव्वदच्या दशकात तो नागपूर विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये शंभर आणि दोनशे मीटर धावायचा. टीव्हीवर कुठलीशी शर्यत चालू होती. तो पडद्याजवळ जाऊन म्हणाला, "इथून पाहा. आता कोणाचाच स्पीड वाढत नाही. जो आखडत नाही ना, तो जिंकते." दमलेला धावपटू आधी मानेत आखडतो, मग खांद्यांत, मग जबड्यात, आणि वरचं अंग आखडलं की खाली पाऊल लहान पडायला लागतं. तेव्हापासून मी अंतिम रेषेजवळ उभी असले की मुलांच्या पायांकडे कमी आणि गालांकडे जास्त बघते. चांगल्या स्प्रिंटरचे गाल पूर्ण वेगातही सैल असतात, प्रत्येक पावलाला हलतात.

अंतिम रेषेजवळ मी बरीच वर्षं उभी राहत आले आहे. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, आणि स्पर्धांच्या मोसमात टाइमकीपर म्हणून काम करते. टाइमकीपरला सगळ्यात आधी शिकवतात ते असं: पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचं नाही, धूर दिसला की करायचं. आवाज शंभर मीटरवरून आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा जातो, आणि पूर्ण वेगातला चांगला धावपटू तेवढ्या वेळात तीन मीटर कापतो. कितीही काळजी घेतली तरी हाताचं घड्याळ इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा कमी वेळ दाखवतं, कारण धूर बघून बोट दाबेपर्यंत शर्यत सुरू झालेली असते. म्हणून हॅन्ड टायमिंगची तुलना करायची झाली तर शंभर मीटरला 0.24 सेकंद मिळवायचे असा रिवाज आहे.

दादाचं टायमिंग होतं 10.7. हॅन्ड टायमिंग. म्हणजे 10.94 धरायचं.

आमच्या घरच्या लग्नाकार्यांत हा आकडा कुणाला ठाऊक नसतो, पण निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. पंगत उठली, पानसुपारी झाली की कुणीतरी मोठं माणूस दादाकडे बघून म्हणतंच, "याच्यात लय दम होता. पण काहीच नाही झालं पोट्ट्याचं." पोट्टा आता पन्नाशी ओलांडलेला, खेळाडू कोट्यातून लागलेल्या सरकारी नोकरीत, दोन मुलींचा बाप. तो त्यावर काही बोलत नाही, वाढप्यांना हात लावायला उठून जातो. मला मात्र ते वाक्य दरवेळी लागतं. काहीच नाही झालं म्हणजे काय व्हायला हवं होतं, हे बोलणाऱ्याला तरी माहीत असतं का?

दादाला नेमकं माहीत आहे. अनिल कुमार प्रकाशनं 2005 मध्ये 10.30 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. 10.94 आणि 10.30 यांच्यामध्ये मैदानावर सहा मीटर पडतात. जागतिक अंतिम फेरी त्याच्याही पुढे आणखी तीन-चार मीटर. हे अंतर त्यानं मला एकदा फक्कीच्या रेषेवर चालून दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "एवढं. जास्त नाही, कमी नाही."

जगातल्या सर्वांत वेगवान माणसांबद्दलही हेच बोललं जातं. योहान ब्लेक घ्या. 2011 मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू इथं बोल्ट फॉल्स स्टार्टमुळे, म्हणजे पिस्तुलाआधीच सुटल्यामुळे, बाद झाला आणि एकवीस वर्षांचा ब्लेक शंभर मीटरचा सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. काही दिवसांनी ब्रुसेल्समध्ये तो दोनशे मीटर 19.26 मध्ये धावला. ब्लॉकमधून, म्हणजे पाय रोवायच्या ठोकळ्यांवरून, निघायलाच त्याला 0.269 सेकंद लागले होते, जे या पातळीवर फारच सावकाश. बोल्टच्या 19.19 च्या विक्रमाच्या वेळी त्याची प्रतिक्रिया 0.133 होती. दोघांचा तो वेळ वजा करा: ब्लेक 18.991, बोल्ट 19.057. निव्वळ धावण्याचा हिशेब केला तर त्या रात्री ब्लेक बोल्टच्या विक्रमापेक्षा वेगात होता. पुढच्या वर्षी त्यानं जमैकाच्या निवड चाचणीत बोल्टला शंभर आणि दोनशे दोन्हींत हरवलं, लंडन ऑलिम्पिकमध्ये दोन्हींत रौप्य घेतलं, आणि लोझानला 9.69 धावला. मग हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, गेली. 2013 चा मोसम बुडाला, 2014 मध्ये ग्लासगोला धावता धावता कोसळला. नंतर वर्षानुवर्षं तो धावत राहिला, रिओला रिलेचं सुवर्णही घेतलं, पण 9.69 च्या जवळ पुन्हा गेला नाही आणि वैयक्तिक विश्वविजेतेपदही दुसऱ्यांदा मिळालं नाही. बावीस वर्षांच्या वयात तो आयुष्यातलं सर्वांत वेगवान धावून बसला होता, फक्त तेव्हा हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

असाफा पॉवेलची गोष्ट मला ब्लेकपेक्षा जास्त जवळची वाटते. 2005 मध्ये अथेन्सला त्यानं 9.77 चा विश्वविक्रम केला, 2007 मध्ये इटलीतल्या रिएतीला तो 9.74 वर आणला. दहा सेकंदांच्या आत त्याच्याइतक्या वेळा कुणीच धावलेलं नाही: 97 वेळा. आणि ऑलिम्पिकमधलं वैयक्तिक पदक? एकही नाही. 2004 ला पाचवा. 2008 ला पाचवा. 2012 ला अंतिम फेरीत जांघेत दुखावला आणि 11.99 मध्ये सगळ्यांत शेवटी आला. विश्व अजिंक्यपद स्पर्धेत दोन कांस्यं. मध्ये 2013 मध्ये उत्तेजक चाचणीत अडकला, बंदी लागली, ती पुढे क्रीडा लवादानं कमी करून सहा महिन्यांवर आणली. हे सगळं त्याच्या नावासोबत लिहिलं जाणार आणि जावंही. मोठ्या स्पर्धेत तो आखडायचा, असं सगळेच म्हणतात. शक्य आहे. पण मी टाइमकीपर आहे. सत्त्याण्णव वेळा घड्याळ दहाच्या आत थांबलं, हे मी बाजूला ठेवू शकत नाही. रिएतीच्या त्या संध्याकाळी पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या कुणाहीपेक्षा तो वेगात धावला होता. त्या शर्यतीला पूर्ण म्हणायला आणखी काय हवं?

आणि या पूर्ण-अपूर्णाच्या हिशेबात योगायोगाचा वाटा किती असतो, ते बोल्टच्याच आयुष्यात दिसतं. पंधराव्या वर्षी तो किंग्स्टनला ज्युनिअर विश्वविजेता झाला. 2004 मध्ये सतराव्या वर्षी दोनशे मीटर 19.93 धावला, जे ज्युनिअर वयात कुणालाच जमलं नव्हतं. त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकला दुखऱ्या पायानं पहिल्याच फेरीत बाद झाला. 2005 मध्ये हेलसिंकीच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत अंतिम फेरीत शेवटचा आला. त्याच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, आणि त्यामुळे हॅमस्ट्रिंगवर ताण येत होता. तिथंच सगळं थांबलं असतं तर आज कुणीतरी त्याच्याबद्दलही लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं बोललं असतं. त्याला ग्लेन मिल्ससारखा कोच मिळाला, ज्यानं आधी पाठ आणि पोटाचे स्नायू बळकट करून घेतले. मधली दोन-तीन वर्षं वाट बघायला त्याच्या आजूबाजूची माणसं तयार होती.

उतरणीच्या काळाबद्दलही लिहायला हवं, कारण तिथं आपण सगळ्यात निर्दय असतो. "आता कशाला धावतो, इज्जत सांभाळून थांबायचं ना," असं म्हणतात. 2017 मध्ये लंडनला बोल्ट शंभर मीटरमध्ये तिसरा आला आणि शेवटच्या रिलेत पायात गोळा येऊन पडला, तेव्हा असं म्हणणारे पुष्कळ होते. वेग जातो त्याचं शरीरशास्त्र सोपं आहे. पूर्ण वेगात स्प्रिंटरचा पाय जमिनीला सेकंदाच्या दहाव्या हिस्स्यापेक्षाही कमी वेळ टेकतो, आणि तेवढ्या वेळात त्याला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावायचा असतो. वय वाढतं तसे झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू बारीक होतात. पाय टेकून राहण्याचा वेळ वाढतो, पावलाची लांबी घटते. पावलं पडण्याची गती मात्र फारशी कमी होत नाही. म्हणून म्हातारा होत चाललेला स्प्रिंटर बघणाऱ्याला तितकाच चपळ दिसतो, आणि तरीही मागं राहतो.

पण ही उतरणसुद्धा प्रत्येकाची वेगळी असते. किम कॉलिन्स हा सेंट किट्स अँड नेव्हिस या चिमुकल्या देशाचा. 2003 मध्ये पॅरिसला तो 10.07 मध्ये विश्वविजेता झाला. त्याच स्पर्धेत पॉवेल फॉल्स स्टार्टमुळे बाद झाला होता. कॉलिन्सला लोकांनी नशिबाचा विजेता ठरवलं. तो धावत राहिला. मे 2016 मध्ये जर्मनीतल्या बॉट्रॉपला, चाळिशी ओलांडल्यावर, तो 9.93 धावला. आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. चाळिशीनंतर दहाच्या आत त्याच्याआधी कुणीही धावलं नव्हतं. मर्लिन ऑटीनं नऊ ऑलिम्पिक पदकं मिळवली आणि त्यात एकही सुवर्ण नाही. 1996 मध्ये अटलांटाला तिची आणि गेल डेव्हर्सची वेळ सारखीच होती, 10.94, आणि फोटो बघून सुवर्ण डेव्हर्सला दिलं गेलं. ऑटी पन्नासाव्या वर्षी स्लोव्हेनियाकडून युरोपियन स्पर्धेत रिले धावली. मी हे शाळेतल्या मुलींना सांगते तेव्हा त्या विचारतात, "मॅडम, पन्नास म्हणजे आजी ना?" हो, आजीच्या वयाची बाई, ब्लॉकमध्ये.

दादा अजून ब्लॉक लावतो. त्याची पद्धत ठरलेली आहे. रेषेच्या मागं टाच-अंगठा, टाच-अंगठा अशी पावलं मोजायची. दोन पावलांवर पुढचा ब्लॉक, तीन पावलांवर मागचा. मग वाकून मागच्या ब्लॉकवर तळहाताने दोनदा थापटायचं, हलत नाही ना बघायचं. गुडघा टेकायचा. बोटांची कमान करून रेषेच्या अलीकडे ठेवायची. यात कुठंही घाई नसते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी घड्याळ घेऊन उभी होते आणि एका मुलानं शर्यत सुरू करायचा क्लॅपर वाजवला. दादा आला, पुढे वीसेक मीटर गेला, कमरेवर हात ठेवून परत आला.

"किती?"

"बारा नऊ."

"हॅन्ड टायमिंग ना? मंग तेरा चौदा धर."

आणि तो खूश होता. मला त्याच्या चेहऱ्यावर कुठलाही हिशेब चुकल्याची खूण दिसली नाही. दहा सात धावणारा मुलगा आणि तेरा चौदा धावणारा माणूस यांच्यामध्ये जे गेलं ते वयानं नेलं, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

त्याची तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीबद्दल. ती त्यानं फार उशिरा सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याला सकाळी शंभरची हीट, दुपारी सेमी, मध्ये लांब उडी, संध्याकाळी फायनल असं धावायला लावलं. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या हीटनंतर डाव्या मांडीच्या मागं चमक आली. त्यानं संघाच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, पट्टी बांध, एक रिले ओढ, शिल्ड आपली आहे. तो पट्टी बांधून उभा राहिला. मैदान काळ्या मातीचं, आदल्या रात्री पाऊस झालेला, वळणावर माती बुटांच्या खिळ्यांना, स्पाइकला, धरून ठेवत होती. वळण संपता संपता मांडीत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मग कुणीतरी ओळखीच्या मालिशवाल्याकडे नेलं. त्यानं जोर लावून चोळलं आणि गरम विटेनं शेकलं. नुकत्याच फाटलेल्या स्नायूवर चोळणं आणि शेकणं म्हणजे आतला रक्तस्राव वाढवणं, हे आज दहावीतल्या मुलालाही मोबाईलवर सापडतं. तेव्हा त्याच्याजवळ सांगणारं कुणी नव्हतं. दोन महिन्यांत तो पुन्हा ट्रॅकवर होता, तिसऱ्या महिन्यात तीच जागा पुन्हा फाटली. एकदा फाटलेली हॅमस्ट्रिंग नीट भरू न देता पळवली की ती पुन्हा जाते. कारण पाय पुढे फेकून खाली आणताना हा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच सगळा भार झेलत असतो, आणि जुन्या जखमेची जागा तेवढी लवचीक राहिलेली नसते.

वयानं जे नेलं आणि या दोन दिवसांनी जे नेलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरची माणसं दोन्हींना एकच वाक्य लावतात. दादाचं सर्वोत्तम टायमिंग कदाचित 10.7 च असतं. तो स्वतः तसंच म्हणतो. पण ते शोधायची संधी विसाव्या वर्षाच्या आतच त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि ती काढून घेणाऱ्याच्या कपाटात त्या वर्षीची शिल्ड आहे.

हे जुन्या काळातच घडत होतं असं नाही. शालेय स्पर्धांचा मोसम पावसाळ्यातच सुरू होतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, सगळं काही आठवड्यांत उरकायचं. चौदा वर्षांखालच्या गटात जिंकणारी मुलं बहुतेक वेळा लवकर वयात आलेली असतात. बाकीची मुलं अजून लहानखुरी आणि हा एक उंच, मिशी फुटलेला. त्याला दोन वैयक्तिक प्रकार आणि वर रिले असं प्रत्येक ठिकाणी पळवतात. सतराव्या वर्षी मागून बाकीची मुलं वाढून त्याच्या बरोबरीला येतात, तोवर याचे गुडघे आणि मांड्या थकलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे त्याला हरायची सवय नसते. तो मैदान सोडतो. मी असे कितीतरी चेहरे बघितले आहेत. नागपुरात आज सिंथेटिक ट्रॅकवर धावायला मिळतं, ही मोठीच गोष्ट झाली. पण ट्रॅकमुळे वेळापत्रक बदलत नाही.

देशपातळीवरही आपल्याला वाट बघणं जमत नाही. हिमा दासनं जुलै 2018 मध्ये फिनलंडमध्ये चारशे मीटरचं ज्युनिअर विश्वविजेतेपद मिळवलं, ऑगस्टमध्ये जकार्ताला 50.79 चा राष्ट्रीय विक्रम केला. अठरा वर्षांची मुलगी. लगेच ऑलिम्पिक पदकाची गोष्ट सुरू झाली. पाठीच्या दुखण्यानं तिला गाठलं, टोकियोची पात्रता हुकली, आणि तीच माणसं विचारायला लागली की हिमाचं काय झालं. याउलट आपल्या शेजारच्या छत्तीसगडचा अनिमेश कुजूर. सैनिकी शाळेत फुटबॉल खेळणारा मुलगा, धावण्याकडे गंभीरपणे वळला तोच मुळी शाळेच्या शेवटी शेवटी. चौदाव्या वर्षी त्याला कुणी शिल्डसाठी पिळून काढलं नव्हतं. जुलै 2025 मध्ये ग्रीसला तो 10.18 धावला आणि राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर झाला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. तरीही मी हे उदाहरण पालकसभेत सांगते.

सकाळी पाचला मैदानावर गेलं की निम्मी गर्दी पोलीस भरतीच्या पोरापोरींची असते. भरतीच्या शारीरिक चाचणीत शंभर मीटरला पंधरा गुण आहेत, त्यामुळे तिथं अर्ध्या सेकंदाला खरीखुरी किंमत असते. कुणाचं घर त्यावर उभं राहतं. दादा त्यांना स्टार्ट शिकवतो. पैसे घेत नाही. उमरेड, काटोल, रामटेकच्या बाजूनं आलेली, खोली करून राहणारी पोरं आहेत, सकाळी भिजवलेले चणे खाऊन येतात. त्यातल्या एखाद्याची निवड झाली की पेढे घेऊन आधी मैदानावर येतो. "सर, तुमच्यामुळे बारा चार आलं." दादा पेढा खातो आणि विचारतो, "गाल सैल होते का?" घरच्या त्या वाक्यात हे सगळं कुठं बसतं, ते मला सांगता येत नाही.

या वर्षी आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी आहे. वडील हिंगणा एमआयडीसीत कामाला. मुलीचा स्टार्ट कच्चा आहे, पण साठनंतर ती जवळजवळ मंदावतच नाही. असं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या मांडीच्या मागं दुखलं. दादानं तिला झोपवून, टाच दाबून, दोन्ही पायांचा जोर तपासला. उजवा कमी होता. आम्ही तिला फिजिओकडे नेलं आणि दोनशे मीटर या मोसमापुरतं बंद केलं, कारण वळणावर मांडीवर जास्त ताण येतो.

वडील शनिवारी शाळेत आले. डबा हातातच होता.

"मॅडम, दोनशेत तर मेडल पक्कं आहे ना तिचं. क्रीडा गुण बी भेटते. काहून थांबवता?"

मी त्यांना समजावत होते तेवढ्यात दादा आला. त्यानं काही भाषण दिलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत ओढण्यासारखी जागा नव्हती ती, म्हणून त्यांचा हात धरला आणि आपल्या डाव्या मांडीच्या मागं, पँटवरूनच, ठेवला. तिथं स्नायू जुळताना पडलेला खड्डा आहे, बोटाची दोन पेरं जातील एवढा. "भाऊ, हे एका रिलेचं आहे," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो. तुमची पोरगी सोळाची आहे. क्रीडा गुण शंभरवर बी भेटते."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलीला विचारलं, "तुले काय वाटते?" ती म्हणाली, तिला शंभरच आवडतं, दोनशेत वळणावर भीती वाटते आताशा. ही गोष्ट तिनं आम्हाला सांगितली नव्हती.

जिल्हा स्पर्धेच्या प्रवेशिकेत तिच्या नावापुढे मी शंभर मीटर एवढंच लिहिलं. रिलेसाठी दुसरी मुलगी घेतली. वडिलांनी पालकांच्या रकान्यात सही केली आणि म्हणाले, विभागाला गेली तर दोनशेचं तेव्हा पाहू. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू.